इंजिनाची नाडी ओळखणाऱ्या बीट्रिस शिलिंग

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या लढाऊ विमानांची इंजिने ऐन झुंजीत आचका देऊन बंद पडत. त्या बिघाडाचे अचूक निदान करून पितळेच्या एका लहानशा तुकड्याने त्यावर उपाय करणाऱ्या अभियंता बीट्रिस शिलिंग यांच्या वेगवेड्या आणि जिद्दी आयुष्याविषयी...

भरधाव धावणारी जुनी स्पोर्ट्‌स कार एखाद्या वळणावर अचानक आचके देऊ लागते आणि बंद पडते. पाचदहा मिनिटांनी किल्ली फिरवावी तर जणू काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होते. जुन्या मोटारींच्या शौकिनांना हा अनुभव नवा नाही. मेकॅनिकलाही असा बिघाड नकोसा वाटतो, कारण गाडी त्याच्यापुढे उभी असते तेव्हा तिच्यात काहीच दोष सापडत नाही. दोष दिसतो तो केवळ वेगात, वळणावर, विशिष्ट क्षणी. मोटारीच्या बाबतीत निदान गाडी रस्त्याच्या कडेला घेण्याची सोय असते. १९४०च्या उन्हाळ्यात ब्रिटिश हवाई दलाच्या वैमानिकांना तीही सोय नव्हती. त्यांचे इंजिन आचका देई ते हजारो फूट उंचीवर, शत्रूच्या विमानाशी झुंज चालू असताना.

या बिघाडाच्या मुळाशी जाण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्या बीट्रिस शिलिंग तेव्हा अवघ्या ३१ वर्षांच्या होत्या. इंजिनांशी त्यांची ओळख पुस्तकांतून झालेली नव्हती. शर्यतीच्या मोटारसायकलीवर बसून, हात काळे करून ती त्यांनी मिळवली होती.

खाटकाची मुलगी, मोटारसायकलचे वेड

बीट्रिस यांचा जन्म ८ मार्च १९०९ रोजी इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातल्या वॉटरलूव्हिल या गावी झाला. वडील व्यवसायाने खाटीक. तीन बहिणींत बीट्रिस धाकटी. इतर मुली बाहुल्यांशी खेळत त्या वयात तिचा जीव रमे तो नट, बोल्ट आणि पट्ट्या जोडून यंत्रे उभारण्याच्या मेकॅनो या खेळात. बारा वर्षांची असताना तिने मेकॅनोच्या राष्ट्रीय स्पर्धेत बक्षीसही मिळवले. चौदाव्या वर्षी तिने मोटारसायकल विकत घेतली आणि ती चालवण्याइतकेच ती खोलून पुन्हा जोडण्यात तिला गोडी वाटू लागली. आपण अभियंता व्हायचे, हे तिने त्या वयातच ठरवून टाकले होते.

असे ठरवणे त्या काळी सोपे नव्हते. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा ब्रिटनमधील कारखाने स्त्रियांनी चालवले होते. युद्ध संपताच १९१९ मध्ये कायदा करून त्या जागा परतलेल्या पुरुषांसाठी मोकळ्या करण्यात आल्या. याच वर्षी काही जिद्दी स्त्रियांनी महिला अभियंत्यांची संघटना स्थापन केली. या चळवळीतील मार्गारेट पार्ट्रिज डेव्हन परगण्यात खेडोपाडी वीज पोहोचवण्याचा व्यवसाय करीत. शाळा संपल्यावर बीट्रिस त्यांच्याकडे उमेदवारी करू लागली. घरांमध्ये विजेच्या तारा ओढणे, यंत्रे बसवणे, बिघाड शोधणे अशी सारी कामे तिने केली. आपल्या या शिकाऊ मुलीची कुवत पार्ट्रिज यांनी ओळखली आणि तिला विद्यापीठात जाण्याचा आग्रह केला.

मँचेस्टरच्या विद्यापीठात अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झालेल्या पहिल्या दोन विद्यार्थिनींपैकी बीट्रिस एक होत्या. १९३२ मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यानंतर यंत्र अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षणही पूर्ण केले. पण जागतिक मंदीच्या त्या दिवसांत पदवीधर पुरुषांनाच नोकरी मिळणे कठीण, तिथे स्त्री अभियंत्याला कोण विचारणार? अखेर बर्मिंगहॅम विद्यापीठात इंजिनांवर संशोधन करणाऱ्या एका प्राध्यापकांकडे त्यांना साहाय्यकाचे काम मिळाले. सुपरचार्जर बसवलेल्या, म्हणजे दाबाने हवा कोंबून अधिक शक्ती मिळवणाऱ्या इंजिनांचा तिथे अभ्यास चाले. पुढे जे प्रश्न त्यांच्यापुढे येणार होते, त्यांची पूर्वतयारी नकळत इथे झाली.

ब्रुकलँड्सचा सुवर्णतारा

अभ्यास आणि नोकरीच्या जोडीला वेगाचे वेड होतेच. सरे परगण्यातील ब्रुकलँड्स ही १९०७ मध्ये खुली झालेली, मोटारशर्यतींसाठीच मुद्दाम बांधलेली धावपट्टी. तिच्या उंच, कलत्या वळणांवर ताशी शंभर मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटरपेक्षा अधिक सरासरी वेगाने शर्यतीत फेरी पूर्ण करणाऱ्या मोटारसायकलस्वाराला सुवर्णताऱ्याचे पदक मिळे. काँक्रीटचा पृष्ठभाग खडबडीत होता. त्या वेगात हँडल हातात ठेवणे हीच एक परीक्षा असे.

बीट्रिस यांच्याकडे नॉर्टन कंपनीची ५०० सीसीची मोटारसायकल होती. तिच्या इंजिनात त्यांनी स्वतःच्या हातांनी सुधारणा केल्या आणि १९३४ मध्ये ताशी १०६ मैल, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर वेगाने फेरी पूर्ण करून सुवर्णतारा पटकावला. महायुद्धापूर्वी हा मान मिळवणाऱ्या स्त्रिया अवघ्या तीन. त्यांतील त्या एक.

१९३६ मध्ये बीट्रिस फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी विमान संशोधन संस्थेत दाखल झाल्या. सुरुवातीला त्यांच्याकडे काम आले ते तांत्रिक पुस्तिका लिहिण्याचे. यंत्रशाळेचा ध्यास असलेल्या व्यक्तीला टेबलाशी बसवण्याचाच हा प्रकार होता. पण लवकरच त्या इंजिन विभागात पोहोचल्या आणि युद्ध सुरू झाले त्या सुमारास कार्ब्युरेटरच्या संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. याच संस्थेत काम करणाऱ्या जॉर्ज नेलर यांच्याशी १९३८ मध्ये त्यांचा विवाह झाला. ब्रुकलँड्सवर शंभराचा वेग गाठून तूही सुवर्णतारा मिळव, मगच लग्न करीन, अशी अट बीट्रिस यांनी घातल्याची आख्यायिका सांगितली जाते. तिच्यातील खरेखोटे काहीही असो, जॉर्ज यांनी पदक मिळवले होते हे मात्र खरे. पुढे युद्धात ते बॉम्बर विमानाचे वैमानिक झाले.

मर्लिनचा आचका

ब्रिटनची स्पिटफायर आणि हरिकेन ही दोन्ही लढाऊ विमाने रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनावर उडत. बारा सिलिंडरचे, २७ लिटर क्षमतेचे हे इंजिन त्या काळातील उत्कृष्ट इंजिनांपैकी एक होते. पण फ्रान्सच्या आणि नंतर ब्रिटनच्या आकाशात जर्मन मेसरश्मिट विमानांशी गाठ पडली तेव्हा त्याची एक खोड जीवघेणी ठरली. पाठलागावरील वैमानिकाने विमानाचे नाक झटक्यात खाली दाबून सूर मारला की इंजिन क्षणभर दम तोडत असे. कधी ते लगेच सावरे, तर कधी काळा धूर ओकत बंदच पडे.

क्षणभर म्हणजे साधारण दीड सेकंद. ताशी ४८० किलोमीटर वेगाने उडणारे विमान तेवढ्या वेळात दोनशे मीटर अंतर कापते. जर्मन वैमानिक नाक खाली करून सूर मारत आणि निसटत, कारण त्यांच्या डेम्लर-बेंझ इंजिनात कार्ब्युरेटरच नव्हता. इंधन पंपाने थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. ब्रिटिश वैमानिकांनी यावर आपल्यापरीने तोड काढली होती. सूर मारण्यापूर्वी ते विमान कुशीवर घेऊन अर्धे पालथे करीत आणि मग खाली वळत. इंजिन त्यामुळे बंद पडत नसे, पण शत्रू तोवर दूर गेलेला असे. शत्रूच मागे लागलेला असेल, तर हा उशीर प्राणावर बेतू शकत असे.

रोल्स-रॉइसने कार्ब्युरेटर निवडला होता तो अजाणतेपणी नव्हे. कार्ब्युरेटरमधून हवेत मिसळणारे पेट्रोल वाफ होताना हवेला थंड करते, थंड हवा अधिक दाट असते आणि सुपरचार्जरमधून तिचा अधिक भरणा होऊन शक्ती वाढते, हा हिशेब त्यामागे होता. त्यामुळे सगळी इंजिने मोडीत काढून नवी रचना करणे हा उपाय नव्हता. त्यासाठी लागणारा वेळ युद्ध देणार नव्हते.

उपासमार की अजीर्ण?

बीट्रिस यांच्या निदानाचे मोल समजण्यासाठी कार्ब्युरेटरची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागते. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत जसा तरंगता गोळा असतो, तसाच फ्लोट कार्ब्युरेटरच्या कप्प्यात असतो. पेट्रोलची पातळी वाढली की फ्लोट वर उचलला जातो आणि झडप बंद करतो. पातळी उतरली की फ्लोट खाली येतो आणि झडप उघडते. कप्प्याच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रांतून, म्हणजे जेटमधून, इंजिनाला हवे तेवढे पेट्रोल जाते. ही सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे. पेट्रोल नेहमी तळाशी राहील, हे ते गृहीत.

विमानाचे नाक एकदम खाली गेले की हेच गृहीत कोसळते. जत्रेतला मोठा पाळणा वरून खाली येताना पोटात जो गोळा उठतो, त्याच्या कितीतरी पटींनी तीव्र अशी ही अवस्था. वैमानिक आसनातून वर उचलला जातो आणि पट्ट्यांनी अडतो. कप्प्यातील पेट्रोलही तसेच छताकडे फेकले जाते. तळाची छिद्रे कोरडी पडतात. इंजिनाला पेट्रोल मिळेनासे होते आणि पहिला आचका बसतो.

इंजिनाची उपासमार होते, हे निदान वरवर पाहता पुरेसे होते. पण तेवढ्यावर थांबले तर काळ्या धुराचे कोडे सुटत नव्हते. उपाशी इंजिन काळा धूर ओकत नाही. काळा धूर ही न जळलेल्या, अतिरिक्त पेट्रोलची खूण. म्हणजे पहिल्या आचक्यानंतर लगोलग याच्या नेमके उलट काहीतरी घडत होते.

ते असे. पेट्रोल छताशी गेल्यावर तरंगण्याची दिशाही उलटते. फ्लोट तळाकडे जातो. फ्लोट तळाशी म्हणजे कप्पा रिकामा, अशी झडपेची समजूत. ती पूर्ण उघडते. पंप तर इंजिनाला लागणाऱ्या पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक पेट्रोल पुरवू शकेल असा. तो पूर्ण दाबाने पेट्रोल कोंबू लागतो. कप्पा भरून वाहतो, मिश्रणात पेट्रोलचा पूर येतो आणि इंजिन गुदमरते. पहिला आचका उपासमारीचा आणि क्षणिक. दुसरा अजीर्णाचा आणि त्याहून दीर्घ. वैमानिकाला दोन्ही मिळून एकच बिघाड वाटे. ते दोन निरनिराळे बिघाड आहेत आणि अधिक घातक तो दुसरा, हे ओळखण्यात सारे निदान सामावलेले होते.

पितळेचा तुकडा

निदान नेमके झाले की उपाय बहुधा सोपा असतो. पहिला आचका टाळायचा तर कार्ब्युरेटरची रचनाच बदलायला हवी होती. दुसरा टाळण्यासाठी मात्र एवढेच पुरे होते की, पंपाने कितीही जोर लावला तरी इंजिनाला पूर्ण शक्तीवर चालताना लागते त्याहून अधिक पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये शिरता कामा नये. बीट्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रमाण काढले आणि त्या मापाचे भोक असलेली, शिंप्याच्या अंगुस्तान्यासारखी पितळेची एक लहान टोपी तयार केली. पुढे तिची जागा साध्या चपट्या वॉशरने घेतली. कार्ब्युरेटरच्या अगदी अलीकडे, पेट्रोलच्या नळीत ती बसवायची, एवढेच काम. झडप सताड उघडी राहिली तरी पूर येण्याचा मार्ग बंद.

या उपायाचे खरे सौंदर्य त्याच्या साधेपणात होते. त्यासाठी विमान कारखान्यात पाठवावे लागत नव्हते की कार्ब्युरेटरही उतरवावा लागत नव्हता. भोकाचे माप मात्र काटेकोर हवे. ते लहान झाले तर पूर्ण शक्तीवर इंजिन उपाशी राहील, मोठे झाले तर पूर थांबणार नाही.

१९४१च्या मार्च महिन्यापासून हे तुकडे बसवण्यास सुरुवात झाली. काम कागदावर सोपवून बीट्रिस कार्यालयात बसल्या नाहीत. लहानसे पथक घेऊन त्या हवाई दलाच्या एकेका तळावर गेल्या. विमानतळावर नॉर्टन मोटारसायकलीवरून येणारी ही अभियंता तंत्रज्ञांमध्ये लवकरच परिचित झाली. वैमानिकांनी त्या तुकड्याला तिच्या नावावरून एक चावट नावही बहाल केले. त्यात थट्टा होती, तशी कृतज्ञताही होती.

हा उपाय परिपूर्ण नव्हता. पहिला क्षणिक आचका तो रोखू शकत नव्हता आणि विमान फार वेळ पालथे उडवण्याची मुभाही देत नव्हता. दाबावर चालणारा, फ्लोटवर अवलंबून नसलेला नव्या पद्धतीचा कार्ब्युरेटर १९४३च्या सुमारास वापरात आला तेव्हाच हा प्रश्न मुळापासून मिटला. पण मधली दोन वर्षे युद्ध थांबलेले नव्हते. त्या काळात सूर मारणाऱ्या वैमानिकाला आपले इंजिन गुदमरून बंद पडणार नाही, हा भरवसा पितळेच्या त्या तुकड्याने दिला. उद्याच्या परिपूर्ण उपायाची वाट पाहताना आज हाती असलेल्या अर्ध्या उपायाने जीव वाचतात, हे ओळखण्यालाही जाण लागते.

पन्नाशीत पुन्हा शर्यतीच्या मैदानावर

युद्धानंतर ब्रिटिश सरकारने ओबीई हा किताब देऊन त्यांचा गौरव केला. फार्नबरोच्या संस्थेत त्या काम करीतच राहिल्या. ब्लू स्ट्रीक या क्षेपणास्त्राच्या कामात त्यांचा सहभाग होता. ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांच्या चाकांची पकड का सुटते आणि ब्रेक का लागत नाहीत, याचाही त्यांनी अभ्यास केला. विषय वेगळे, पण प्रश्न विचारण्याची पद्धत तीच. यंत्र एरवी नीट चालते, मग त्याच क्षणी दगा का देते?

शर्यतींचे वेडही ओसरले नव्हते. मोटारसायकलींची जागा आता मोटारींनी घेतली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बीट्रिस आणि जॉर्ज यांनी ऑस्टिन-हीली स्प्राइट ही छोटी स्पोर्ट्‌स कार गुडवुडच्या शर्यतींत उतरवली. तेव्हा बीट्रिस पन्नाशीला पोहोचल्या होत्या. तरीही त्या वरच्या क्रमांकात येत. गाडीची देखभाल, दुरुस्ती आणि सुधारणा हे दाम्पत्य स्वतःच करी.

स्पिटफायरचे कार्ब्युरेटर ज्या एसयू कंपनीचे होते, त्याच कंपनीचे कार्ब्युरेटर एमजी, जग्वार, ऑस्टिन-हीली अशा ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारवर सर्रास दिसत. आकाराने अर्थातच ते फार लहान. पण फ्लोट, झडप आणि जेट यांचे नाते तेच. त्यामुळे जुनी स्पोर्ट्‌स कार अचानक बंद पडते तेव्हा विचारावयाचे प्रश्नही बरेचसे तेच असतात. आधी ठिणगी की पेट्रोल, याचा निवाडा करायचा. ठिणगी ठीक असेल, तर पेट्रोल कमी पडते की जास्त होते हे पाहायचे. स्पार्क प्लगचे टोक पांढुरके कोरडे असेल तर इंजिन उपाशी आहे, काळे ओलसर असेल तर त्याला अजीर्ण झाले आहे. वेगातल्या लांब वळणावर फ्लोटच्या कप्प्यातील पेट्रोल एका बाजूला कलते आणि जेट कोरडा पडू शकतो. झडपेत कचरा अडकला तर ती बंद होत नाही आणि पूर येतो. दोन्ही वेळा गाडी सारखीच आचके देते, पण उपाय मात्र परस्परविरुद्ध. निदान न करता स्क्रू पिळणारा मेकॅनिक दहापैकी पाच वेळा बिघाड वाढवूनच ठेवतो.

बीट्रिस यांच्या या हातोटीची कीर्ती शर्यतीच्या जगातही पोहोचली होती. १९६७ मध्ये अमेरिकी शर्यतपटू डॅन गर्नी यांच्या ईगल या फॉर्म्युला वन मोटारीचे बारा सिलिंडरचे इंजिन वारंवार तापत होते. त्यावर उपाय शोधण्यासाठी बीट्रिस यांचे साहाय्य घेण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये गर्नी यांनी याच मोटारीतून बेल्जियन ग्रां प्री जिंकली.

मान उशिराचा

१९६९ मध्ये बीट्रिस निवृत्त झाल्या. त्याच वर्षी सरे विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. पण तेहतीस वर्षांच्या सेवेत संस्थेच्या अगदी वरच्या पदापर्यंत त्यांना कधीच पोहोचता आले नाही. ज्या संस्थेत निर्णयाच्या खुर्च्या पुरुषांसाठीच असल्यासारखे वातावरण होते, तिथे वर्कशॉपमध्ये हात काळे करणारी, वरिष्ठांची भीडभाड न ठेवता मत मांडणारी स्त्री अनेकांना अडचणीची वाटत असे. युद्धाच्या इतिहासात स्पिटफायरचे रचनाकार गाजले, वैमानिक गाजले. बीट्रिस यांचे नाव मात्र पुष्कळ काळ त्या चावट टोपणनावापुरतेच उरले.

१८ नोव्हेंबर १९९० रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर हळूहळू त्यांच्या कार्याची ओळख नव्याने होऊ लागली. २००३ मध्ये मॅथ्यू फ्रॉइडेनबर्ग यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. फार्नबरोमध्ये एका पबला त्यांचे नाव देण्यात आले. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात २०१८ मध्ये अभियांत्रिकीची नवी इमारत उभी राहिली, तिलाही बीट्रिस शिलिंग यांचेच नाव आहे. ज्या काळात अभियांत्रिकीच्या वर्गात मुलगी दिसणे हीच बातमी होती, त्या काळात एक मुलगी मँचेस्टरला गेली होती. आज तिच्या नावाच्या इमारतीत मुली इंजिनियर होण्यासाठी दाखल होतात.

आता मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला आहे. इंजिनात काय बिघडले, हे संगणक सांगतो. तरीही यंत्र दगा देते तेव्हा दिसणाऱ्या पहिल्याच कारणावर समाधान न मानता, त्या कारणात न बसणारी एखादी खूण उरते का, हे पाहावेच लागते. मर्लिनच्या बाबतीत ती खूण काळ्या धुराची होती. तो धूर अनेकांनी पाहिला होता, पण त्याचा अर्थ लावून अचूक मापाचे छिद्र पाडण्याचे श्रेय बीट्रिस शिलिंग यांचे.